पाठकोरे कागद

१

राजाराम तांबे सरांना त्या हिवाळ्यात पहिला राग आला तो एका शब्दाचा.

'थंडीतून प्रेरणेकडे' असे अमरदीपने पाठवलेल्या पत्रकावर ठळक छापले होते. खाली भाट्याच्या सुरूबनाचे छायाचित्र, वर उगवता सूर्य आणि मधोमध सरांचे नाव. हिवाळी लेखनशिबिर, जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा. उद्घाटन व नव्या कथेचे वाचन ज्येष्ठ कथाकार राजाराम तांबे यांच्या हस्ते. वाचन हस्ते होत नसते, मुखाने होते. आठवी ते दहावी तीन वर्षे समोर बसवून शिकवले, तरी या मुलाला ते कळले नव्हते.

सरांनी त्याला फोन लावला.

"प्रेरणा म्हणजे बाहेरून दिलेली ढुसणी, अमरदीप. ती बैलाला देतात. लेखकाला स्फुरते, आणि ते आतून. तुझ्या पत्रकावर स्फुरण हा शब्द हवा."

"सर, स्फुरण छापलं तर लोकांना वाटेल सुरूबनात कुस्त्या आहेत."

"वाटू दे."

"राहू दे ना सर आता, छापून झालंय. आणि तुमच्या चुलीची गोष्ट तेवढी सांगा हां पोरांना. तिच्यासाठीच चाळीस नावं आलीत. कथा तयार आहे ना?"

"आहे," सर म्हणाले.

ती नव्हती. आठ हिवाळे झाले, ती नव्हती.

चुलीची गोष्ट मात्र रत्नागिरीत ज्याला वाचनाची थोडीफार आवड होती त्याला ठाऊक होती. सर केवळ थंडीत लिहीत. उन्हाळ्यात घामाने कागद ओलावतो, पावसाळ्यात दमटपणाने तो फुगतो. मार्गशीर्ष ते माघ एवढाच काळ कागद कागदासारखा वागतो, असे त्यांचे मत होते. शाळेने रद्दीत काढलेल्या कोऱ्या पुरवण्यांचे गठ्ठे त्यांनी जपून ठेवले होते. त्यांवर शिसपेन्सिलीने, एकाच बाजूला, ते कच्चा खर्डा लिहीत. मागची बाजू कोरी सोडीत. तो खर्डा मागच्या पडवीतल्या फळीवर, समुद्रातून आणलेल्या काळ्या दगडाखाली, पंधरा दिवस मुरायला ठेवीत. मग शाईने पक्की प्रत होई, आणि खर्ड्याचे कागद आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जात. "स्वतःच्या कथेच्या जाळावर तापलेल्या पाण्याने मी स्नान करतो," हे वाक्य त्यांच्या प्रत्येक मुलाखतीत येई. सव्वीस हिवाळे, सव्वीस कथा, तीन पुस्तके.

नंतर सगळे आटले. सरांनी त्याचा दोष क्रमाने मोबाइलच्या मनोऱ्याला, आंब्यावरच्या फवारणीला, लेकीने हौसेने बसवून दिलेल्या आणि त्यांनी एकदाही न लावलेल्या गीझरला आणि एकंदर मराठी भाषेच्या अधःपाताला दिला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी करुणा डोंबिवलीला त्या लेकीकडे, नम्रताकडे, राहायला गेली ती परतली नाही. "माझे कागद परत द्या, मग येते," एवढेच जाताना बोलली. कसले कागद, असे सरांनी विचारले होते. तिने त्यांच्याकडे नुसते पाहिले होते आणि पिशवी उचलली होती.

२

पौष लागला आणि खरा गारठा पडला. परड्यातल्या कलमांना मोहोर धरला होता, कुंपणाच्या गडग्याच्या जांभ्यावर दव पाझरत होते, आणि मिरकरवाड्याला परतणाऱ्या ट्रॉलरांची धडधड खाडी ओलांडून थेट मागच्या पडवीत ऐकू येत होती. अशा सकाळी पूर्वी सरांचा हात शिवशिवत असे. आता दात कडकडत, आणि त्याचाही राग येई.

चुलीवरच्या तांब्याच्या हंड्याखाली त्यांनी नारळाची सोडणे, वरची सुकी सालटी, सारली, वर सुक्या झावळीचा चूड लावला. जाळ धरला तोच गडग्यापलीकडून मालनची हाक आली. मालन पहाटे मिरकरवाड्याला जाऊन लिलावातले मासे आणी आणि आठाला दारोदार फिरे. सरांशी वाद घालणारी वाडीत ती एकटीच उरली होती.

"काय ओ सर, परत लिवायला लागलाव काय?"

"का?"

"कागद जाळलाव ना. वास येतोय."

"सोडणे जळताहेत."

"सोडनांचा वास मला शिकवताव? जन्म गेला माझा फुंकनी फुंकन्यात. कागदाचा वास हाय तो. वैनी होती तवा ह्या दिसांत रोज यायचा."

कागद त्या चुलीत आठ वर्षे गेला नव्हता.

जाळ विझल्यावर ते पत्र्याच्या सुपलीने राख काढू लागले. माठाच्या भाजीच्या वाफ्यात ती टाकायची असे. सुपली आत सरकवली आणि थांबली. राखेवर एक कागद होता.

तो जळलेला होता, पण अखंड होता. काळा, तलम, कडा जरा वळलेल्या, ताज्या बांगड्याच्या पाठीसारखी त्यावर तुळतुळीत चकाकी होती. आणि त्या काळ्यावर रुपेरी अक्षरे होती. याचे सरांना आश्चर्य वाटले नाही. शिसपेन्सिलीचे लिखाण जळत नाही. कागद काळा होतो आणि अक्षर उजळते, हे त्यांनी सव्वीस वर्षे पाहिले होते. म्हणूनच तर जाळ विझताच ते दर वेळी काठीने राख मोडून टाकीत.

आश्चर्य याचे, की अक्षर त्यांचे नव्हते. ते डावीकडे कलत होते आणि त्याला शिरोरेघ नव्हती. शिरोरेघ न देता लिहिण्याची सवय या घरात एकाच माणसाला होती. वेळ वाचतो, म्हणायची.

सर वाकले.

'खाडीच्या त्या बाजूला दिवा हाय. आये सांगायची, त्या दिव्याकडं बघू नको. तो बघनाऱ्याला बघतो.'

श्वास लागला तसा कागद हलला, मधून दुमडला आणि सुपलीत भुकटी होऊन पडला.

३

सरांची बुद्धी चाळीस वर्षे व्याकरण शिकवून तासलेली होती. ती लगेच कामाला लागली. चुलीमागच्या भेगेत एखादा जुना कागद अडकला असणार. उंदराने ओढून आणला असणार. जाळ मंद होता, हवा कोरडी होती, म्हणून तो मोडला नाही. कार्य आहे तेथे कारण आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल पेटवण्यापूर्वी तिच्यात विजेरी मारून पाहिली. भेगा चिखलाने लिंपल्या. आत फक्त सोडणे घातली, तीही एकेक मोजल्यासारखी पाहून. जाळ विझल्यावर राखेवर दुसरा कागद होता. कालच्या वाक्यापुढून गोष्ट सुरू होत होती.

तिसऱ्या दिवशी तिसरा.

आता इथे कोणीही शहाण्या माणसाने चूल बंद केली असती आणि गीझर लावला असता. तांबे सर आत गेले, शाईचे पेन आणि चांगले ताव घेऊन आले, आणि पाटावर बसून, श्वास रोखून, ते वाचून लिहून घेऊ लागले. चाळीस माणसांपुढे काय वाचायचे हा प्रश्न सुटला होता. आठ वर्षांनी हाताला गती आली होती. थंडी पुन्हा प्रसन्न झाली, असे त्यांनी मनाशी म्हटले, आणि ते म्हणताना त्यांना लाज वाटली नाही.

भाषा तेवढी सुधारून घ्यावी लागत होती. लहानपणी शाळेत 'हाय' म्हटले म्हणून मास्तरांनी त्यांना वर्गाबाहेर उभे केले होते, आणि वाडीतल्या मुलांना बाहेर उभे करायला त्या मास्तरांना निमित्तच हवे असे. त्या दिवसापासून राजाराम तांबे यांनी जिभेवरची वाडी घासून घासून काढली होती. कुणी बोट ठेवू शकणार नाही अशी भाषा कमावली होती. तेव्हा त्यांनी लिहिले: 'खाडीच्या पैलतीरी एक दीप तेवत होता. त्याकडे पाहू नये, असे माता सांगत असे.'

त्याच्या दुसऱ्या दिवशीचा कागद पुढे गेला नाही. त्यावर पहिलेच वाक्य होते, जसे होते तसे. खाडीच्या त्या बाजूला दिवा हाय. पुन्हा खाली तेच. पुन्हा तेच. पान भरून तेच, आणि प्रत्येक ओळीबरोबर पेन्सिल अधिक जोराने दाबलेली. शेवटच्या ओळीत तर अक्षरांनी कागद फाटला होता.

सरांना संताप आला. "माझ्या घरात, माझ्या चुलीत!" ते मोठ्याने बोलले, आणि आपण कोणाशी बोललो याचा आणखी संताप येऊन त्यांनी काठीने ती राख कुटली.

मग आंघोळीला हंड्यात हात घातला. पाणी गार होते.

अर्धा तास सोडणे भडभडून जळली होती. हंड्याचे बूड काजळीने माखले होते, आणि आतले पाणी विहिरीतून आत्ताच शेंदल्यासारखे होते. सरांनी आणखी जाळ केला. लाकडे घातली. ज्वाळा हंड्याच्या काठापर्यंत चढल्या. त्यांनी बोट बुडवले, आणि नखापासून कोपरापर्यंत थंडीची कळ गेली.

गोष्टीचे पुढचे कागद राखेवर येत राहिले आणि सर ते उतरवून घेत राहिले; पण त्या दिवसापासून ते रोज गार पाण्याने आंघोळ करू लागले. रागारागाने, तांब्यामागून तांब्या. थंडी अंगात शिरली ती दिवसा उन्हातही निघेना.

४

शिबिराला तीन दिवस उरले तेव्हा त्यांनी करुणेला फोन केला. सकाळचे साडेनऊ झाले होते. पलीकडे कुकरची शिट्टी वाजत होती.

"तू इथे येऊन गेलीस का?"

"कुठं?"

"घरी. मागच्या पडवीत."

"तीन वर्षांत मी ठाण्याच्या पुढं गेले नाही. का हो? काय हरवलं?"

"हरवलेले काही नाही. सापडते आहे."

"काय?"

सरांना ते शब्द तोंडातून काढवेनात. मग काढले. "तुझे अक्षर. चुलीत."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला.

"कुठल्या बाजूला?" करुणेने विचारले.

"म्हणजे?"

"कागदाच्या कुठल्या बाजूला? मागच्याच असंल. पुढची तुमची असायची."

"मला कळेल असे बोल."

"तुम्हाला कळेल असं बोलायलाच सव्वीस वर्षं घेतली मी." तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच सरांनी फोन कानापासून किंचित दूर धरला. "पाणी तापायला अर्धा तास लागायचा. मी चुलीपाशी, वर फळीवर तुमचे कागद, पाठकोरे. दुसरा कागद होता कुठं घरात? म्हणून त्याच्यावर लिहायचे. आयेनं सांगितलेलं, माझ्या मनातलं, काय काय. लपवून नाही हो लिहिलं. वाचावंत म्हणून लिहिलं. रोज वाटायचं, आज जाळायच्या आधी हा माणूस एकदा पान उलटंल."

"मग तोंडाने सांगायचे होतेस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही लाल पेन शोधलं असतंत."

"करुणा, हे बघ—"

"मी बोलते ना. तुमची पुस्तकं तुम्ही मला कधी वाचू दिली नाहीत. घरच्या माणसानं वाचलं की कथा शिळी होते म्हणायचात. आठ वर्षांमागं नम्रतानं कपाटातनं काढून एक गोष्ट मोठ्यानं वाचली मला. तिचा शेवट यायच्या आधी मी तिला शेवट सांगितला. त्या दिवसापासून मी पेन्सिल धरली नाही. आणि तुम्हालाही काही सुचलं नाही. हे नुसतंच बघितलं मी पाच वर्षं. तुमच्या तोंडाकडं बघत बसले, की आता बोलतील."

पडवीत चुलीतले एक सोडण फुटल्याचा आवाज झाला. चूल त्यांनी दोन तासांपूर्वी विझवली होती.

"एकच विचारते, राजाराम," करुणा म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. "पान उलटलं होतंत का? एकदा तरी? हो म्हणालात तर उद्याच्या गाडीनं घरी येते. भांडणार नाही. कुणाला सांगणार नाही. मला फक्त कळू दे, की माझं कुणीतरी वाचलं."

केवढी साधी गोष्ट होती. एक अक्षर होते. पण त्या एका अक्षराखाली तीन पुस्तके होती, सव्वीस हिवाळे होते, वर्गाबाहेर उभा केलेला एक मुलगा होता आणि त्याने शेवटी मिळवलेली खुर्ची होती.

"नाही," तांबे सर म्हणाले. "मी कधीही पान उलटले नाही."

"बरं," ती म्हणाली. "रविवारी येते मी तरी. तुमची नवी गोष्ट ऐकायला. मागं बसेन."

५

फोन ठेवला आणि सर तडक पुस्तकांच्या कपाटाकडे गेले. तोंडाने त्यांची बडबड चालू होती. दाखवतो. अक्षर अक्षर दाखवतो. अशी वाक्यरचना त्या बाईला सात जन्मांत साधली असती का?

पहिल्या संग्रहातली पहिली कथा. सर्वांत गाजलेली. त्यांनी पुस्तक उघडले. मुखपृष्ठ होते, अर्पणपत्रिका होती. अनुक्रमणिकेत कथेचे नाव होते, पृष्ठ नऊ. पृष्ठ नऊ कोरे होते.

पुढचे कोरे होते. सव्विसाव्या पृष्ठापर्यंत कागद स्वच्छ, किंचित पिवळट, छापखान्यातून तसाच आल्यासारखा.

बुद्धी पुन्हा उभी राहिली, पण या वेळी तिला धाप लागली होती. निकृष्ट शाई. दमट हवा. सदोष प्रत. सरांनी दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. दुसरा संग्रह काढला. पाने भराभर उलटताना वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला जळलेल्या कागदाचा वास होता.

मग त्यांनी कथेचे पहिले वाक्य आठवून पाहिले. दुसऱ्या इयत्तेतल्या मुलाला पाढा यावा तसे ते त्यांना येत असे. डोळे मिटले, ओठ हलवले, आणि तोंडातून आले: "तो बघनाऱ्याला बघतो."

सरांनी पुस्तक मिटले.

पान त्यांनी उलटले नव्हते. हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितले होते की ते खरेच झाले होते. पान वाऱ्याने उलटले होते. पहिल्या हिवाळ्यात, पडवीत, काळा दगड बाजूला करताच वाऱ्याने वरचा कागद उलटा केला. त्यावर डावीकडे कललेली, रेघ नसलेली अक्षरे होती. त्यांनी वाचली. उभ्याने, शेवटपर्यंत. शेवटाला त्यांच्या अंगावर काटा आला, आणि लगेच, अगदी त्याच क्षणी, राग आला. न्हाणीच्या चुलीपाशी, भिजल्या पदराने, काही न वाचता या बाईला हे येते. आणि आपण समोरच्या बाजूला महिनाभर जे खरडले ते मेलेले आहे.

मग ते मेज ओढून बसले आणि शाईने पक्की प्रत केली. भाषा सुधारून.

दुसऱ्या दिवशी वारा आहे का हे पाहायला ते पुन्हा फळीपाशी गेले. सव्वीस हिवाळे वारा होता.

आणि समोरच्या बाजूला त्यांनी स्वतः काय लिहिले होते? सव्वीस खर्डे. ते कपाटापुढे जमिनीवर बसून राहिले. एक वाक्य आठवेना. एकही शब्द आठवेना.

६

रविवारी सकाळी उजाडता उजाडता सरांनी धुतलेले कपडे घातले, चष्मा पुसला आणि वाचायची कथा उचलली. सात तावांवर शाईने उतरवलेली, शनिवारी दुपारी दोनदा तपासलेली.

सातही ताव पांढरे होते.

त्यांनी ते उजेडाला धरले. निबेचा ओरखडासुद्धा नव्हता. भाट्याला सुरूबनात आता सतरंज्या पडत असतील. दहा वाजता चाळीस पोरे माना वर करून बसतील, आणि मागे एक बाई.

ताव हातात घेऊन ते पडवीत आले. रागाने त्यांचे कान तापायला हवे होते; तेही गारठलेलेच होते. हातातले ताव त्यांनी फळीवर आपटले आणि, इतक्या वर्षांच्या सवयीने, वर काळा दगड ठेवला.

चूल त्यांनी पेटवली नव्हती. ती पेटलेली होती.

जाळाला आवाज नव्हता. आवाज दुसराच होता, आणि तो सरांना ओळखू यायला वेळ लागला, कारण या घरात तो त्यांनी नेहमी आपल्या हातून ऐकला होता. पाने उलटली जात होती.

ते गुडघे टेकून वाकले. चुलीच्या तोंडातून आत, जेथे एक वीतभर राख असायला हवी, तेथे कागद होते. काळे, अखंड, एकावर एक, मागे अंधारात जातील तिथवर. सव्वीस हिवाळ्यांचे. आणि वरचे पान उचलले जात होते, क्षणभर तोलले जात होते, उलटले जात होते. घाईने नाही. प्रत्येक पानावर वाचणारा थांबतो तेवढेच थांबून. पान वळताना त्याची रुपेरी बाजू लखलखे, मग दुसरी बाजू वर येई. सरांची. ती नुसती काळी होती. तिच्यावर काही नव्हते.

पान धरणारे काय होते ते ज्वाळेमुळे दिसत नव्हते. एकदाच, पान उंच गेले तेव्हा, कडेवर टेकलेली दोन बोटांची टोके दिसली. त्यांतल्या एकावर, पेन धरून धरून पडलेला, सरांच्या बोटावर होता तसाच घट्टा होता.

"हो!" सर ओरडले. "उलटले होते! सव्वीस वर्षे उलटले! झाले समाधान?"

पान अर्ध्यात थांबले.

घरात फोन वाजू लागला. सरांना माहीत होते तो कोणाचा. रेल्वेगाडी स्थानकात येऊन अर्धा तास झाला असेल. उठायचे, आठ पावले चालायचे, आणि आत्ता चुलीला सांगितले तेच फोनमध्ये सांगायचे. तोंडातून एकदा बाहेर पडलेच होते. दुसऱ्यांदा ते जड जाणार नव्हते.

फोन वाजत होता. सर चुलीकडे पाहत होते. आत, हाताच्या अंतरावर, पुरी गोष्ट होती. तिचा शेवटही होता. दहाला अजून वेळ होता.

"आधी कागद," असे म्हणून त्यांनी आत हात घातला.

आत जाळ नव्हता. फक्त थंडी होती, आणि तिने हात धरला.

७

"सर! ओ सर!" मालनचा आवाज पुढच्या दारातून आला. "वैनी आली बघा तुमची. अशी दारं टाकून कुठं गेलाव?"

सर पडवीत पाटावर बसले होते. त्यांनी ओ दिली.

"गेले असतील भाट्याला," करुणेचा आवाज आला. "फोन उचलत नाहीत. अमरदीपचाही उचलला नाही म्हणे."

"सकाळी वरडत तर होते कुनावर तरी. मी म्हटलं, आज भाषन हाय, घसा साफ करतायत." मालन हसली. "ताजे बांगडे ठेवलेत तुला. आंघोळ कर आधी, मग जा. गाडीत आखडली असशील."

दोघी पडवीत आल्या. सर करुणेच्या समोर होते, तीन हातांवर. तिचे केस पांढरे झाले होते. तिने त्यांच्यावरून नजर फिरवली ती चुलीवर नेली.

"करुणा," सर म्हणाले. "उलटले होते. मी उलटले होते."

"किती गारठा गो इथं," ती मालनला म्हणाली, आणि शाल ओढून घेतली. "हंडा भरलेला आहे. बरं झालं." तिने चुलीत हात घालून पाहिला. "राख पण नाही. पुसून घेतल्यासारखी चूल. पेटवायला काय आहे?"

"ते बघ फळीवर कागद."

"त्यांचे असतील."

तिने काळा दगड उचलला. वरचा ताव घेतला. सर उभे राहिले, किंवा आपण उभे राहिलो असे त्यांना वाटले. तिने तो ताव पाहिला, मग उलटला आणि मागची बाजूही पाहिली. दुसरा घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला. तिसरा. एकही पान तिने न उलटता ठेवले नाही. सर प्रत्येक पानाबरोबर तिच्या तोंडाकडे पाहत होते. आता दिसेल. आता कुठेतरी एक अक्षर दिसेल.

"काय लिवलंय?" मालनने विचारले.

"काही नाही गो." करुणेने सातवा ताव उजेडाला धरला. तिच्या आवाजात राग होता, जुना, नीट घडी घालून ठेवलेला. "दोन्ही बाजूंनी कोरा माणूस."

तिने एक ताव बाजूला काढून मांडीवर घेतला. पिशवीतून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावून पाहिले. मग उरलेल्या सहांतला एक लांबट पिळला, आगकाडी ओढली आणि तो चुलीत सारला.

सरांना पावलांपाशी ऊब लागली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. ती घोट्यांपर्यंत चढली, मग गुडघ्यांपर्यंत, आणि मग ती ऊब राहिली नाही.

करुणा लिहीत होती. कागदाच्या पुढच्या बाजूला, वरपासून, शिरोरेघ न देता. मधूनच, न पाहता, ती डावा हात फळीकडे नेई आणि पुढचा ताव आत सारी.

"वैनी," मालन म्हणाली, "पाणी बघ. उकळलं पन."